दोन स्कींमधलं अंतर

मंडळी, मागच्या लेखानंतर दोघा-तिघांनी विचारलं की बर्फातल्या पोस्टिंगवर अजून काही लिहा. वर्दीत असताना माझ्या हातात रायफलीपेक्षा पाना जास्त वेळ असायचा. त्यामुळे आजची गोष्ट यंत्राची.

नव्वदच्या दशकातला हिवाळा. जागेचं नाव लिहीत नाही, सवय जुनी आहे. मी ईएमईचा व्हेईकल मेकॅनिक, सातारा जिल्ह्यातला. बर्फ म्हणजे गोळेवाल्याकडचा, एवढीच माझी ओळख. माझे उस्ताद गढवालचे हवालदार. त्यांच्या हाताखाली दोन स्नो स्कूटर होत्या: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा आणि त्यामागे ओढायची स्लेज. रॉकेल, रेशन, टपाल सगळं त्यावर. आणि वेळ आली तर माणूसही.

वेळ आली. वरच्या चौकीतल्या एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरलं. ढगांमुळे हेलिकॉप्टर नाही. अशा आजाऱ्याला लवकरात लवकर खाली आणणं हाच मोठा इलाज. त्याला स्लेजवर बांधला आणि निघालो. वाटेत डोंगराच्या कुशीतून आडवा जाणारा एक टप्पा होता, जेमतेम दोनशे मीटरचा. आदल्या रात्री नवा बर्फ पडून वाट बुजलेली. स्कूटर त्या उतारावर आडवी घातली की ती दरीच्या बाजूला सरकायची. उस्ताद डोंगराकडच्या पायरीवर उभे राहून सगळं वजन टाकायचे, तरी यंत्र कलत नव्हतं. शेवटी चौघांनी दोर लावून ती वरून ओढून धरली. दोनशे मीटरला चाळीस मिनिटं लागली. स्लेजवरच्या पोराच्या श्वासाची घरघर मला आजही ऐकू येते.

तो वाचला. रात्री मी उस्तादांना विचारलं, "उस्ताद, ही आडवी का चालत नाही?" ते म्हणाले, "बेटा, ये सीधे रास्ते की मशीन है. पहाड़ किसी ने इसे बताया ही नहीं."

या वाक्याचा पूर्ण अर्थ मला निवृत्तीनंतर, या यंत्रांचा इतिहास वाचताना लागला.

मुळात हे यंत्र जन्मलं सपाट मुलखात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात व्हालकोर्ट नावाचं गाव आहे. तिथे जोसेफ-आर्मांड बोंबार्डिए हा मेकॅनिक राहायचा, जन्म १९०७ चा. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या लहान मुलाचं अपेंडिक्स फुटलं. रस्ते बर्फाने बंद, दवाखान्यात नेता आलं नाही आणि पोर गेलं. बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या मागे तो आधीपासूनच होता. १९३७ मध्ये त्याने दातेरी चाक आणि पट्टा यांच्या रचनेचं पेटंट घेतलं. त्याची 'बी-७' गाडी सात माणसं घेऊन बर्फातून जायची. डॉक्टर, टपाल, शाळेची मुलं यांच्यासाठी अशा गाड्या वापरल्या गेल्या. एक-दोन माणसांची छोटी 'स्की-डू' आली १९५९ मध्ये. तिकडे अमेरिकेत मिनेसोटातल्या रोझो गावी पोलारिसच्या मंडळींनी १९५४ पासून हाच उद्योग धरला होता.

सुरुवातीच्या यंत्रांत पुढच्या स्कीवर ट्रकसारखे पाटे असायचे. साधे, मजबूत, पण कडक. १९७० च्या दशकात शर्यतींमुळे वेग वाढला आणि प्रत्येक स्कीला स्वतंत्र सस्पेन्शन आलं. पोलारिसने ते १९८० मध्ये 'इंडी' या नावाने बाजारात आणलं. प्रत्येक स्कीमागे एक लांब ट्रेलिंग आर्म, त्याला शॉकअप आणि स्प्रिंग. दणके कमी झाले, वळणावर यंत्र स्थिर झालं. मग आणखी स्थिर करायला स्की एकमेकींपासून लांब नेल्या आणि दोन्ही बाजूंना जोडणारा अँटी-रोल बार टाकला. हेतू एकच, यंत्र कलू नये.

डोंगरात नेमकं तेच नडतं. आपल्याकडचं उदाहरण देतो. बैलगाडी उतारावर आडवी घाला. जमीन जितकी कलती तितकी गाडी कलणार, कारण दोन चाकं लांब लांब आहेत. त्याच उतारावर सायकल नेली तर स्वार तिला सरळ उभी ठेवू शकतो. स्नो स्कूटरलाही उतारावर सायकलीसारखं वागावं लागतं. तिला डोंगराच्या बाजूला कलवायची, म्हणजे वरच्या स्कीची धार आणि पट्ट्याची कड बर्फात रुतून स्वतःसाठी पायरी कापते. कलवताना यंत्र वरच्या स्कीवर तोललं जातं आणि दरीकडची स्की उचलावी लागते. स्कींमधलं अंतर ४२ इंच असेल तर मधल्या वजनाचा तरफेचा हात २१ इंच. अंतर ३६ इंच केलं तर १८. सातवा हिस्सा जोर इथेच वाचला. स्वार थकलेला असतो, हवा विरळ असते, तेव्हा सातवा हिस्सा थोडा नसतो.

पण नुसते आर्म कापून छोटे केले की काम होत नाही. छोटा आर्म तेवढ्याच हालचालीत मोठा कोन फिरतो. स्कीची बैठक बदलते, खड्ड्यात हँडल आपोआप वळायला लागतं. म्हणून मधला सांगाडाच अरुंद करून आर्मची आतली टोकं एकमेकांजवळ आणावी लागतात, म्हणजे आर्म पुरेसे लांब राहतात. अरुंद सांगाड्याचा दुसरा फायदा असा की यंत्र कललं तरी पोट बर्फात घासत नाही. ट्रेलिंग आर्म खोल बर्फात नांगरासारखा ओढत जायचा. त्याच्या जागी दोन ए-आर्म आले, त्यांच्या नळ्यांना बर्फ कमी अडतो. पोलादी स्कीऐवजी प्लॅस्टिकच्या, खोल धारेच्या स्की आल्या. काही ठिकाणी स्प्रिंगऐवजी हवेचे शॉकअप आले. डोंगरी यंत्रांतून अँटी-रोल बार तर अनेकदा काढूनच टाकला.

वजनाचं महत्त्व उंचीवर दुप्पट होतं. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो. साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच मापाने उतरते, वजन मात्र एक किलोही उतरत नाही. त्यात पुढचं वजन जास्त असेल तर यंत्र नाक खुपसतं, आणि मग फावडं घ्यायचं.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तरी त्या घटनेनंतर उस्तादांनी ओसी साहेबांची परवानगी घेतली आणि एका स्कूटरच्या अँटी-रोल बारची जोडणी सोडली. बस्स, दोन नट. दुसऱ्या दिवशी त्याच आडव्या टप्प्यावर ती स्कूटर उस्तादांच्या वजनाने कलली. पूर्ण नाही, पण दोराला चौघांऐवजी दोघे पुरले. उलट खालच्या कडक वाटेवर वळताना ती इतकी झुकायची की माझ्या पोटात गोळा यायचा. मग एक स्कूटर वरच्या वाटेची आणि एक खालच्या वाटेची, अशी वाटणी झाली.

हीच गोष्ट मला या इतिहासातून शिकण्यासारखी वाटते. अरुंद चांगलं की रुंद, याचं उत्तर वाट देते. आजही सपाट वाटेची यंत्रं रुंद आणि डोंगराची अरुंद बनतात. काहींनी तर मोटरसायकलच्या पुढच्या चाकाच्या जागी एकच स्की बसवली. ती बैलगाडीची पुरती सायकल झाली.

आपल्या सेनेचं बर्फाशी नातं जुनं. १९४८ मध्ये थिमय्या साहेबांनी गुलमर्गला स्की स्कूल काढलं, तेच आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल. १९८४ पासून सियाचीन आहे. तिथे शूरांची नावं कोरलेली असतात आणि असावीत. पण व्हालकोर्टच्या त्या बापाने मुलगा गमावूनही पाना खाली ठेवला नाही, म्हणून अनेक वर्षांनी आमच्या स्लेजवरचा एक मुलगा आपल्या आईकडे परत गेला.

उस्ताद आता नाहीत. त्यांनी काढलेले ते दोन नट मी खिशात ठेवले होते. पोस्टिंग संपताना स्टोअरला जमा केले. हिशेब तो हिशेब.

जय हिंद.