तळ्याच्या निकालाची नक्कल

महाडचा सत्याग्रह आपण भाषणांतून ऐकतो. पण त्याचा निकाल आपल्यापैकी किती जणांनी वाचला? १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या सवर्णांनी बाबासाहेब व सहकाऱ्यांवर दिवाणी दावा ठोकला. चवदार तळे खासगी, अस्पृश्यांना बंदीची वहिवाट अनादि, असे त्यांचे म्हणणे. १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूमही आणला. बाबासाहेबांनी हुकूम मोडला नाही आणि दावाही सोडला नाही. जवळजवळ दहा वर्षे लढले. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने सवर्णांचे अपील फेटाळले. मिरवलेली 'अनादि' रूढी पुराव्याने सिद्धच झाली नाही!

हे आपल्याला कळते ते कागद टिकला म्हणून. तुमच्या गावच्या विहिरीच्या, गायरानाच्या खटल्याचे काय? निकालाची नक्कल त्या कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून मागता येते. पक्षकार नसाल तर कारण लिहावे लागते. पोलीस ठाण्यातील जुन्या कागदांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज आहे. कारकून दावा क्रमांक विचारतो, म्हणून आधी वडीलधाऱ्यांच्या ट्रंकेतली जुनी समन्स शोधा. आणि उशीर करू नका, मुदत संपलेली दप्तरे कोर्ट नियमानुसार नष्ट करते.