दारावरची थाप

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. द्वारसभेला कोण आले याची टिपणे घेणारे आम्ही पाहिले आहेत. म्हणून हा इतिहास आम्हांला पुस्तकी वाटत नाही.

१९४१ साली संयुक्त प्रांतात खडकसिंग नावाचा इसम दरोड्याच्या प्रकरणात सापडला आणि पुराव्याअभावी सुटला. पोलिसांची पाळत मात्र सुटली नाही. रात्री-अपरात्री शिपाई त्याचे दार ठोठावीत. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६२ साली न्यायालयाने रात्रीची ती थाप बंद केली. परंतु खाजगीपणाचा हक्क घटनेत नाही, असे बहुमताने सांगितले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र तो व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग मानला.

१९९६ साली न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यास गृहसचिवाच्या हुकमाचे बंधन घातले. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. सुब्बा रावांचा पक्ष पंचावन्न वर्षांनी खरा ठरला.

पण पुढे काय? इंटरनेटवरील संदेश वाचण्याचा हुकूम आजही सरकारचा सचिवच काढतो आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीशाची परवानगी लागत नाही. शिपायाची थाप निदान ऐकू येत असे. ही पाळत आवाज करीत नाही. म्हणून आमची मागणी एकच : हुकमावर न्यायाधीशाची सही हवी.