ईस्ट एंडमधील परके

लंडनच्या पूर्व भागांत ब्रिक लेनवर एक जुनी वास्तु आहे. धर्मच्छळामुळें फ्रान्स सोडून आलेल्या प्रॉटेस्टंटांनीं १७४३ सालीं ती प्रार्थनेसाठीं बांधली. १८९८ मध्यें तेथें ज्यूंचें सिनेगॉग झालें आणि १९७६ मध्यें बंगाली मुसलमानांची मशीद.

१८८१ सालीं रशियांत झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि ज्यूंविरुद्ध दंगली उसळल्या. हजारों निर्वासित ईस्ट एंडमध्यें आले व शिवणकामावर पोट भरूं लागले. वस्ती दाटली, घरभाडीं चढलीं. भाडें घरमालक वाढवीत. रोष मात्र नव्या भाडेकऱ्यांवर होई. १९०१ मध्यें 'ब्रिटिश ब्रदर्स लीग' निघाली. स्टेपनीचे पार्लमेंट-सभासद मेजर विल्यम इव्हान्स-गॉर्डन यांनीं तिची बाजू उचलून धरली. एका वस्तीचें गाऱ्हाणें अशा रीतीनें राष्ट्राचा प्रश्न बनलें आणि १९०५ सालीं 'एलियन्स ॲक्ट' संमत झाला.

या कायद्याचें स्वरूप ध्यानांत घेण्याजोगें आहे. खालच्या वर्गांतून वीसांहून अधिक परकीय आणणाऱ्या जहाजांवरील उतारूंचीच तपासणी होई. वरच्या वर्गाच्या उतारूस सहसा कोणी अडवीत नसे. तथापि धर्म किंवा राजकारण यांपायीं छळ सोसून आलेल्यास केवळ निर्धन म्हणून परत धाडूं नये, अशी सवलत त्यांत होती. १९१९ मध्यें तो कायदा रद्द झाला आणि ती सवलतही गेली. त्यामुळें १९३३ नंतर जर्मनींतून पळालेल्या ज्यूंना आश्रय मिळे तो सरकारच्या मर्जीनें, हक्कानें नव्हे.