अहमदनगरचें समुद्रद्वार : चौल

देशावरच्या शहराचा इतिहास सांगतांना बंदराची गोष्ट काढावी, हें श्रोत्यांस प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. सीनेच्या कांठचें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, समुद्रापासून किती तरी दूर. मध्यें सह्याद्रीची भिंत. तथापि निजामशाहीच्या काळांत या राजधानीचें एक दार अरबी समुद्रावर उघडत होतें. त्या दाराचें नांव चौल. आज रायगड जिल्ह्यांत, अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखापाशीं नारळी-पोफळीच्या वाड्यांत झांकलेलें हें गांव पाहून त्याच्या गतवैभवाची कल्पना येणें कठीण आहे.

चौल निजामशाहीहून फार जुनें. दुसऱ्या शतकांतील टॉलेमीच्या भूगोलांत ज्या ‘सिमुल्ला’चा उल्लेख येतो तें हेंच बंदर असें विद्वान मानतात. कान्हेरीच्या दानलेखांत ‘चेमुल’ येथील दात्यांचा निर्देश आहे. दहाव्या शतकाच्या आरंभीं अरब प्रवासी अल्-मसूदी येथें आला. या ‘सैमूर’ नगरांत सुमारें दहा हजार मुसलमान राहत असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. पुढें १४६९ च्या सुमारास अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. त्या एका घोड्यांतच चौलच्या भाग्याचें इंगित आहे. दक्षिणी सुलतानांचें बळ घोडदळांत, आणि उत्तम घोडा यावयाचा तो अरबस्तान-इराणांतून, समुद्रमार्गानें!

१४९० त मलिक अहमदानें बहामनी सत्ता झुगारून दिली आणि थोड्याच वर्षांत आपल्या नांवाचें नगर वसविलें. चौल त्याच्या राज्याचें प्रमुख बंदर झालें. परंतु याच सुमारास समुद्रावर पोर्तुगीज अवतरले. १५०८ त चौलच्या खाडींत इजिप्तच्या आरमारानें त्यांचा पराभव केला. व्हाइसरॉय आल्मैदाचा पुत्र लोरेंसो तेथें पडला. दुसऱ्याच वर्षीं दीव येथें पोर्तुगीजांनीं त्याचा सूड उगविला, आणि त्यांच्या परवान्यावांचून व्यापारी जहाज हांकारणें धोक्याचें झालें.

अशा वेळीं बुऱ्हाण निजामशहानें त्यांच्याशीं वैर न धरतां सलोखा केला. १५१६ त त्यांना वखार मिळाली आणि १५२१ त किल्ला बांधण्याची परवानगी. वरचें चौल सुलतानाकडे राहिलें. खाडीच्या मुखावरचें खालचें चौल, म्हणजे रेवदंडा, फिरंग्यांकडे गेलें. व्यापार चालावा, घोडे मिळत राहावे, एवढाच सुलतानाचा हिशेब. त्याला मूर्ख म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. विजापूर, गुजराथ, वऱ्हाड येथील त्याचे सारे प्रतिस्पर्धी जमिनीवरचे होते. परंतु घराचें दार परक्या द्वारपालाच्या हातीं गेलें, तें गेलेंच.

त्याची किंमत पन्नास वर्षांनीं कळली. १५७० च्या अखेरीस मुर्तजा निजामशहानें चौलास प्रचंड वेढा घातला. त्याच वेळीं आदिलशहा गोव्यावर चालून गेला. निजामशाहीच्या तोफखान्याची थोरवी काय सांगावी! विजापुरास आजही दिसणारी मलिक-इ-मैदान ही तोफ १५४९ त अहमदनगरासच ओतली गेली. रेवदंड्याची तटबंदी तेव्हां पुरी झाली नव्हती. तरीही वेढा महिनोन् महिने रेंगाळला, कारण समुद्राची बाजू मोकळी होती. गोव्याहून माणसें, दारूगोळा, धान्य येत राहिलें. ज्याचें तारुण्य अहमदनगरांत गेलें तो इतिहासकार फिरिश्ता तर लिहितो कीं, निजामशाही सरदारच मद्याच्या नजराण्यांना भुलून शत्रूकडे रसद जाऊं देत. १५७१ त सुलतानास तह करावा लागला.

दुसरा प्रयत्न दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाचा. रेवदंड्यासमोर, खाडीच्या पलीकडे, कोर्लईच्या डोंगरावर त्यानें ठाणें बांधून पोर्तुगीजांची कोंडी केली. १५९४ त पोर्तुगीजांनीं तेंही जिंकलें. पुढल्याच वर्षीं मोंगल अहमदनगराच्या तटाशीं येऊन ठाकले. चांदबिबीनें शहर त्या वेळीं राखलें, पण १६०० त तें पडलें. १६३६ त निजामशाही संपली.

आपली घाटमाथ्यावरची राजधानी गेली तसा चौलचा कणाही मोडला. खाडी गाळानें भरत गेली, व्यापार सुरतेकडे वळला, आणि इंग्रजांनीं येथील विणकर मुंबईस नेऊन वसविले. १७४० त रेवदंडा व कोर्लई मराठ्यांच्या हातीं आलीं, तीं पूर्वीच्या वैभवाविनाच.

निजामशाहीचा हा धडा वायां गेला नाहीं. त्याच किनाऱ्यावर शिवाजी महाराजांनीं आरमार उभारलें आणि सागरी दुर्ग बांधले, तें समुद्र ज्याच्या ताब्यांत नाहीं त्याचें बंदर त्याचें नसतें, हें ओळखूनच. रेवदंड्याचा तट अद्याप उभा आहे, आणि कोर्लईच्या एका लहानशा वस्तींत पोर्तुगीज-मराठी मिश्रणाची बोली अजून घरोघर बोलली जाते. नगरच्या भुईकोटाबरोबर अभ्यासकानें तो तटही एकदां पाहावा. एकाच राज्याचीं तीं दोन टोकें आहेत.