देणारा कोण, घेणारा कोण

१७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्यांचा चीनशी समुद्रमार्गे चालणारा व्यापार जवळजवळ सगळा कँटन बंदरातून होई. परक्यांना चिनी शिकवायला सरकारची मनाई होती. साहजिकच भाषेचे ओझे तिथल्या दुकानदारांवर आणि दुभाष्यांवर पडले. त्यांच्यासाठी स्वस्त पुस्तिका छापल्या जात: वर चिनी शब्द, खाली इंग्रजी उच्चार, तोही चिनी अक्षरांत. रोमन लिपी नाही, व्याकरण नाही. आजचा चिनी विद्यार्थी 'बॉरो' (उसने घेणे) आणि 'लेंड' (उसने देणे) यांची अदलाबदल करतो तेव्हा बोल त्याच्या मातृभाषेला लावला जातो. माझ्या मते दोष आहे तो शब्दासमोर शब्द ठेवण्याच्या या जुन्या रीतीचा.

चिनीत उसने देणे आणि उसने घेणे या दोन्हींसाठी 'जिए' हे एकच क्रियापद चालते, हे खरे. पण वाक्यात घोटाळा होत नाही. ज्याच्याकडून घ्यायचे त्याचा उल्लेख 'श्यांग' लावून क्रियापदाच्या आधी येतो. ज्याला द्यायचे त्याच्या उल्लेखाआधी 'गेइ', म्हणजे 'देणे', येते. मराठीतही 'उसने' किंवा 'भाड्याने' एवढ्याने काही कळत नाही, पुढचे देणे-घेणेच खुलासा करते. यादीत मात्र 'जिए'समोर 'बॉरो' लिहिले की चिनी वाक्यातला हा सगळा आधार गळून पडतो, आणि शिकणारा त्या एका शब्दाकडून दोन्ही कामे करून घेतो.

देण्याघेण्याचा भेद चिनी मनाला जाणवतच नाही, असे कोणी म्हणेल, तर पुरावा उलट आहे. 'विकणे' या अर्थाचे जुने चिनी अक्षर 'विकत घेणे'च्या अक्षराला 'बाहेर जाणे' जोडून बनले आहे. धान्याच्या खरेदीला 'दी' आणि विक्रीला 'त्याओ' अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. कँटनच्या पिजिन, म्हणजे व्यापारापुरत्या कामचलाऊ, इंग्रजीतही 'पे' म्हणजे देणे आणि 'कॅची' म्हणजे मिळवणे, आणणे, असा फरक होताच. उलट इंग्रजीतले 'रेंट' घरमालकही वापरतो आणि भाडेकरूही. त्यावरून इंग्रजांना कोणी मंद म्हणत नाही.

मग अशा याद्यांवर एवढा व्यापार कसा चालला? चहा, रेशीम, मुंबईहून येणारा कापूस, सगळे समोरासमोर तोलले जाई. माल ज्याच्या हातात तो देणारा; क्रियापद चुकले तरी सौदा बिघडत नसे. १८४२ च्या नानकिंग तहाने पाच बंदरे खुली झाली, पत्रव्यवहार आणि लेखी करार वाढले. कर्जरोख्यात ऋणको कोण आणि धनको कोण, हे वाक्यानेच सांगावे लागते. १८६२ मध्ये पेकिंगला सरकारी भाषाशाळा निघाली. त्याच वर्षी मिशनरी शाळेत शिकलेल्या तांग तिंगशू यांचा सहा भागांचा इंग्रजी शिकवणारा ग्रंथ कँटनला प्रसिद्ध झाला. उच्चार तिथेही चिनी अक्षरांतच होते. पण शब्दांच्या जोडीला वाक्ये होती, आणि शेवटच्या भागात परदेशी पेढीतल्या चिनी मुनिमाला लागणारी प्रश्नोत्तरे. पुढच्याच वर्षी तांग स्वतः जार्डिन मॅथेसन कंपनीचे असे मुनीम झाले.