झांशीची कत्तल आणि इतिहासाचा अध्यापक

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ मध्ये झांशीत होते. एप्रिलमध्ये इंग्रज फौज शहरात शिरल्यावर झालेली कत्तल त्यांनी अनुभवली आणि पुढे ‘माझा प्रवास’ या ग्रंथात लिहून ठेविली. चिं. वि. वैद्यांनी हा ग्रंथ १९०७ मध्ये फेरफारांसह छापला. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला.

महाविद्यालयात हा भाग शिकविताना अध्यापकास दोन मोह होतात : तो गाळावा, अथवा आवेशाने रंगवावा. दोहोंनी मृतांवर अन्यायच होतो. गोडसे भटजींनी स्वतःचे भय लपविले नाही, की त्याचे भांडवलही केले नाही. अध्यापकाने विद्यार्थ्यांस पूर्वकल्पना द्यावी, उतारा सावकाश वाचावा, क्षणभर थांबावे आणि मगच पाठभेदांची चिकित्सा आरंभावी. त्या क्षणभराच्या शांततेस वेळेचा अपव्यय समजू नये.