'स्युअर शार्क': कॅसेटसाठी चित्रित, सीडीवर प्रकाशित

'स्युअर शार्क' हा विज्ञानकथेवर बेतलेला नेमबाजीचा व्हिडिओ गेम १९९२ साली अमेरिकेत सेगा सीडी या गेमयंत्रावर आला, पण त्याचे चित्रीकरण १९८७ मध्येच हवाई बेटांवर आटोपले होते. या विलंबाचे मूळ हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या कंपनीच्या 'निमो' या गेमयंत्राच्या प्रकल्पात आहे. हे यंत्र व्हीएचएस कॅसेटवर चालणार होते. एकाच फितीत अनेक दृश्यमालिका गुंफायच्या आणि खेळणारा जे बटण दाबेल त्यानुसार एक पडद्यावर आणायची, अशी त्याची रचना होती. यंत्र बाजारात येण्याआधीच हॅस्ब्रोने माघार घेतली. प्रकल्पाचे एक सूत्रधार टॉम झिटो यांनी चित्रफितींचे हक्क मिळवले आणि सीडीचा जमाना येताच 'डिजिटल पिक्चर्स' कंपनीतर्फे त्या उपयोगात आणल्या.

दिग्दर्शक होते 'स्टार वॉर्स'च्या दृश्यपरिणामांसाठी ऑस्कर मिळवलेले जॉन डायक्स्ट्रा. कथेतली उद्ध्वस्त पृथ्वीवरची माणसे जमिनीखाली राहतात. खेळाडू गटारांच्या बोगद्यांतून यानाने जात 'रॅटिगेटर' नावाचे प्राणी टिपतो. सहवैमानिक घोस्ट मध्येच पडद्यावर येऊन त्याला खडसावतो. कॅटफिश हा टेहळणी करणारा यंत्रमानव घड्याळातले आकडे पुकारतो: नऊ म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे उजवीकडे, बारा म्हणजे वर, सहा म्हणजे खाली. क्रम चुकला की यान आदळते.

या आकड्यांतच खेळाची खरी मर्यादा आहे. यानाचा मार्ग आधीच चित्रित झालेला असल्याने खेळाडूला ते मनाप्रमाणे वळवता येत नाही. फाट्यावर वळण निवडणे आणि एरवी नेम धरणे, एवढेच त्याच्या हाती उरते. कॅसेट जाऊन सीडी आली तरी खेळाचे व्याकरण निमोचेच राहिले.

सेगा सीडीच्या पडद्यावर एका वेळी ६४च रंग दिसत, त्यामुळे चेहरे ठिपक्याठिपक्यांचे आणि फिकट भासत. तरीही खरी माणसे पडद्यावरून आपल्याशी बोलतात, याचे त्या काळी मोठे अप्रूप होते. पुढे हा गेम सेगा सीडीच्या खोक्यातच मिळू लागला. १९९४ मध्ये तो थ्रीडीओ यंत्रावरही आला. मात्र दृश्य त्या क्षणी रेखाटणारे त्रिमितीय गेम लवकरच घरोघरी पोचले. त्यांत हवे तिकडे वळता येत असे. आधी चित्रित केलेल्या खेळांची मागणी ओसरली आणि १९९६ मध्ये डिजिटल पिक्चर्स बंद पडली.